लॉटीनं न गायलेला शब्द

हॅलो?… हॅलो, कोण?… ग्वेन! अगं, हळू बोल. मी म्हातारी झालेय, बहिरी नाही.

… हो, हॅमच शिजतंय. उद्या तुझ्या आईला पुरायचं आणि लोकांपुढे काय, काकडीचे सँडविच ठेवायचे? बर्नलीत तोंड दाखवायला जागा राहील का मला?…

काय आलं टपालानं?… प्रार्थनेचा कागद होय! छान छापलाय ना? काळी किनार मी सांगितली… मग रडतेस कशाला?… ओरडतेयस? मला वाटलं रडतेस.

… हो. सुगीचं स्तोत्र… हो, तेच… अगं, स्तोत्रांच्या पुस्तकात आहे ते, मी काय पदरचं घातलंय? चर्चच्या नव्या पेनफोल्डबुवांनी इथं बसून, माझा केक खात विचारलं, "मिसेस क्रॅब्ट्री, तुमच्या धाकट्या बहिणीचं आवडतं स्तोत्र कुठलं?" मी म्हटलं, हे. खोटं बोलले का? जन्मभर गात होती.

… शब्द दुसरे होते हे त्यांनी विचारलंच नाही. मी कशाला सांगू?

… कसं कळणार त्यांना? माणूस लंडनपलीकडचा, ईस्टरनंतर आलेला. एवढा शिकलेला, पण लॉटी फेन म्हणजे कोण हे त्याला माहीत नाही! मी म्हटलं, बुवा, आमची बहीण "गायची." तर म्हणे, "चर्चमध्ये?" मी म्हटलं, सुरुवात चर्चमध्येच झाली… मग? खरंच आहे! माझ्या शेजारी बसून शिकली ही चाल. गिरणीत लागल्यावर मागावर उभी राहून आपले शब्द घातले तिनं. मालकीणबाई, भाडेकरू नि एक कांबळं. चौदा वर्षांची होती मेली. आमच्या आईनं साबणानं तोंड धुतलं तिचं…

अगं ऐक ना… नाही, नाही, ऐक. ग्वेन. त्या बुवाला फोन करायचा नाही… कारण मी सांगते म्हणून!

… कोण येणार? तुझ्या नवऱ्याचे, सिरिलचे, बँकेतले मोठे साहेब? येऊ देत की. हॅम पुरेल… काय म्हणतील? युद्धात नौदलात होते ना ते? मग त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कडवी येत असतील.

… अश्लील? तिनं कधी एक वाईट शब्द गायलाय? दाखव मला! "कांबळं एक, माणसं दोन, आता करू काय? इकडे डोकं, तिकडे हात, आणि मधे…" एवढं म्हणून गप्प. हात बांधून, छताकडे बघत उभी. पुढचं गाणार ते लोक! न्यायाधीशापुढे उभी केली तेव्हा काय म्हणाली? "साहेब, मी तर गप्प होते. गायलं ते तुमच्या गावानं. पकडायचं तर त्यांना पकडा." आणि मागच्या बाकावरचा शिपाई फिस्सकन हसला… हो, सोडलं. सोडतील नाही तर काय?

आणि प्रत्येक गावाचा शब्द निराळा, माहितीय तुला? प्रेस्टनचा एक, ग्लासगोचा भलताच. खाणवाल्यांचा तर मी फोनवर सांगत नाही. ती म्हणायची, अ‍ॅग्नेस, माझ्याहून गोड गळ्याच्या शंभरजणी आहेत, पण त्या सगळं स्वतःच गातात. म्हणून तर अजून, कसायाकडे गेले तर तो सुरी थांबवून म्हणतो, "आणि मधे…?" आणि आख्खी रांग ओरडते. माणूस गेला तरी गाणं पुरं व्हायचं राहिलंय, तर लोक विसरतील कसे?

… हो. आर्थर हॉल्डन वाजवणार ऑर्गन. थिएटरात तिच्यासाठी वाजवायचा तोच… हो… बरोबर ओळखलंस. त्या ओळीला आर्थर हात उचलणार. चर्चमध्ये एकदम शांतता… मग बघू काय होतं ते. मी काही कुणाला सांगितलेलं नाही… बरं, कसायाला सांगितलंय.

… ग्वेन?… आहेस ना?…

आता मात्र रडतेयस.

… कुठल्या पोरी?… शाळेतल्या? त्या महागड्या शाळेत?… जेवणाच्या खोलीत शिरलीस की सगळ्या मिळून "आणि मधे…" म्हणायच्या?… रोज?… अगं, मग बोलली का नाहीस कधी? मी आले असते की त्यांच्या झिंज्या उपटायला… आईला सांगितलंस?… नाही. हं.

… नाही गं पोरी. तुझं चुकलं असं कोण म्हणतंय?

… ऐक. बोलू दे मला आता. ब्लॅकपूलचा उन्हाळा आठवतो? तू सहा वर्षांची, पडद्याआड बिस्किटाच्या डब्यावर उभी, नि मी तुझा फ्रॉक धरून. आईनं "आणि मधे…" म्हटलं, लोकांनी श्वास घेतला, आणि त्यांच्या आधी तूच ओरडलीस!… हो, तूच! एवढ्याशा नरड्यातून! सगळं थिएटर गडाबडा लोळलं. तुझ्या आईला पुढचं कडवं गाता येईना हसून हसून…

आता मी सांगते ते तुला ठाऊक नाही. त्याच्या आधी ती छताकडे बघायची. त्या दिवसापासून बाजूला बघायला लागली, पडद्याकडे. तू शाळेला गेलीस तरी. तुझं लग्न झालं तरी. ती थांबायची जागा लांबतच गेली, मॅनेजर बोंबलायचे. लोकांना वाटायचं, काय कसब आहे बाईचं, किती थांबते! मी विचारलं एकदा. म्हणाली, "डब्यावर कुणी उभं आहे का बघते."

… बरं. रड. मी आच कमी करून येते…

आले. पुसलंस नाक?… आता सांग, करतेस बुवाला फोन? कर. नंबर देऊ?… तो घाईत असेल, पण स्तोत्र बदलेल. दुसरं एखादं रडकं घालेल. लोक गप्प बसतील, आणि लॉटी फेन गप्प लोकांतून जाईल. तिला आयुष्यात कुणी तसं जाऊ दिलं नव्हतं…

काय म्हणालीस?… आठवतंय? तो शब्द? चाळीस वर्षांनी? नाही आठवत तुला… पैज! बरं, मी म्हणते, तू घे. थांब, कवळी नीट बसवते. हं.

"कांबळं एक, माणसं दोन, आता करू काय? इकडे डोकं, तिकडे हात, आणि मधे…"

……

ग्वेन!!

अगं माझ्या बाई! हळू! सिरिल घरात आहे ना?… जिन्यात उभा आहे? काय करतोय?… हसतोय? सिरिल? बँकेतला?… बघ! मी म्हणत होते, माणूस वरून वाटतो तितका वाईट नाही.

… हो, पुढच्याच बाकावर. माझ्या शेजारी. आणि आर्थरनं हात उचलला की लोकांची वाट बघायची नाही, कळलं? आधी तू.

… पेनफोल्डबुवा? त्यांची काळजी नको. ते डोळे मिटून उभे राहतील आणि म्हणतील, इकडच्या लोकांची भक्ती फार मोठ्या आवाजाची. ठेवते आता. हॅम करपलं तर तुझी आई उठून बसेल.