पाइप उघडावाच लागतो

जमलेल्या सर्वांना नमस्कार. मोहनकाकांविषयी बोल म्हणाले, तेव्हा मी नाही म्हटलं होतं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते. मला रिपोर्ट लिहिता येतात, असं बोलता येत नाही. पण आज मला भीती वाटते आहे, म्हणून उभी राहिले.

काका डायलिसिसमुळे गेले, असं सगळे म्हणतात. नाही. डायलिसिसनं त्यांना जगवलं होतं. डायलिसिससाठी छातीत बसवलेल्या नळीतून जंतू रक्तात गेले, म्हणून काका गेले.

काकांची सगळी नोकरी इथे आखातात, शुऐबा भागातल्या कारखान्यात, पाण्याचे पाइप सांभाळण्यात गेली. मला सांगायचे, "पोरी, आत बुळबुळीत थर धरला की वरून कितीही क्लोरीन सोड. पाणी स्वच्छ दिसतं, थर हलत नाही. पाइप उघडावाच लागतो."

मी म्हणायचे, "काका, तुमच्या नळीतही असाच थर धरतो. जंतूंचा."

ते हसायचे. "माझी नळी इम्पोर्टेड आहे गं!"

मशीन सुरू झालं की त्यांना हुडहुडी भरायची. मग ते काय करायचे? आपण सगळे करतो तेच. गावाकडच्या सुटीवरून येताना बॅगेत भरून आणलेल्या अँटिबायोटिकची एक गोळी घ्यायचे. ताप उतरायचा. रक्तातले जंतू मरायचे, थराखालचे राहायचे. आणि गोळी घेऊन दिलेल्या रक्तात आम्हाला काहीच सापडायचं नाही. नळी होती तिथेच राहायची.

त्यांच्याच गाडीतून डायलिसिसला जाणारे, छातीत तशीच नळी असलेले दाऊदभाई समोर बसले आहेत. काका कुडकुडले की हे चिडवायचे, "मोहनशेठ, आम्हा रत्नागिरीकरांना बघा, थंडी शिवत नाही!"

दाऊदभाई, मघाशी तुम्हीच एसी बंद करायला लावलात. सगळा हॉल घाम पुसतो आहे. तुमच्या अंगावर स्वेटर आहे. आणि आज तुम्ही डायलिसिस करून आला आहात.

रागावू नका, चारचौघांत बोलले. बाजूला घेऊन विचारलं असतं तर तुम्ही गंमत करून विषय बदलला असता. काकांसारखाच. खिशातली गोळ्यांची स्ट्रिप भाभींकडे द्या. आधी रक्त तपासायला द्यायचं, गोळी डॉक्टर सांगतील ती. नळी काढावी लागली तर काढू. गाडी खाली आहे, मी सोबत येते. मला तुमच्यासाठी असं पुन्हा उभं राहायचं नाही.

आता काकांसाठी आपण सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

दाऊदभाई, तुम्ही थांबू नका. तुम्ही चला.