पहाटेची थाप

नव्या इमारतीतल्या खोल्यांचे अर्ज द्यायला रांग लागली होती. रांगेत दोघी शेजारणी होत्या: शिवणकाम करणारी आपा आणि निवृत्त नर्सताई. आपाला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ताईचं बोलणं सगळ्या रांगेला ऐकू जात होतं.

"तुझ्या लेकानं वेगळा मजला लिहिलाय म्हणे?"

"म्हणतो, दिवस बदललेत, आपल्या लोकांत राहू."

"आणि पहाटे नमाजाला तुला उठवणार कोण? आपले लोक?"

"घड्याळ आणलंय त्यानं."

"ते ऐकू आलं तर ना! बावीस वर्षं मी बुद्धवंदनेला उठते, आधी आपल्या मधल्या भिंतीवर थाप मारते. तुझा पलंग हादरतो, तेव्हा कुठे बाईसाहेब जाग्या होतात."

"मी उलटी थाप देते की."

"ती आल्याशिवाय मी बुद्धापुढे मेणबत्ती लावत नाही. एकदा आली नाही, तर किल्ली घेऊन धावले होते ना?"

"तापानं फणफणले होते मी."

"मग? लेकाच्या अर्जाचं काय केलंस?"

"त्यावर गिऱ्हाइकाचं माप लिहून टाकलं. हा नवा अर्ज, तुझ्या शेजारच्या खोलीचा."

खिडकीतल्या कारकुनानं दोन्ही अर्ज चाळले आणि आपाला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला, "समोरासमोरच्या खोल्या देतो. दाराला दार. खूश?"

दोघी एकदम म्हणाल्या, "दार नको. भिंत द्या."