माझ्या माघारी

नाही हो, त्या खुर्चीवर नका बसू, ती लेकीच्या वाट्याला गेलीय, टेम्पो आला की न्यायचीय… हां, तिथे खाली बसा, खालची फरशी थोरल्याची आहे पण तो आत्ता ऑफिसात आहे. तर तुम्हाला सांगतो, माणसाने वाटेल ते करावं, पण स्वतःचं मृत्युपत्र स्वतः लिहायला जाऊ नये! आणि मी तर कोण? छापखान्यातला मुद्रितशोधक. दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात सगळी हयात गेली, आणि माझं मृत्युपत्र काय तो वकील लिहिणार? त्याने मसुद्यात लिहिलं होतं, 'माझ्या मृत्यूनंतर'. काय बटबटीत शब्द हो! घरच्यांनी वाचायचंय ते, जरा मऊ नको का? मी ते खोडलं आणि वर झोकात लिहिलं, 'माझ्या माघारी'. वकील म्हणाला, काका, मोघम होतंय. मी म्हटलं, मराठी तुम्ही मला शिकवू नका. आता बोलणार कुणाला? शब्द माझाच.

तर मृत्युपत्र अगदी साधं. माझ्या माघारी घर थोरल्याला, सामान आणि हिच्या बांगड्या लेकीला, आणि शेवटी एक ओळ, 'उरलंसुरलं जे काही असेल ते धाकट्याला'. धाकट्याला मुद्दाम हो! माझ्याशी कधी धड बोलला नाही, म्हटलं जरा झोंबू दे. तिघांना समोर बसवलं आणि स्वच्छ उच्चारात वाचून दाखवलं. लेकीने डोळे पुसले, थोरला खाली मान घालून ऐकत होता, मला वाटलं गलबलून आलंय त्याला… कसलं गलबलतंय, पाठ करत होता तो.

मग माझं गुडघ्याचं ऑपरेशन आलं. पहिल्या दिवशी तिघंही हॉस्पिटलात, उशी काय नीट करतायत, पाय काय चेपतायत, चुकीचा चेपतायत पण चेपतायत. दुसऱ्या दिवसापासून कुणी फिरकेना. फोन केला तर सूनबाई म्हणते, "बाबा, इकडे जरा आवराआवर चाललीय." मी आपला नर्सला कौतुकाने सांगतोय, बघा, म्हातारा घरी येणार म्हणून पोरं घर आवरतायत! ती बिचारी म्हणाली, नशीबवान आहात.

घरी आलो तर किल्ली कुलपाला लागेना. दारावर पाटी थोरल्याची. वॉकरवर लटकत बेल वाजवली, तर दार उघडून थोरला म्हणतो, "अरे, तुम्ही?" तुम्ही म्हणजे काय! आत पाहतो तर माझा पलंग नाही, कपाट नाही, कपाट नाही म्हणजे बांगड्याही नाहीत, भिंतीवर नुसते खिळे. हिच्या फोटोची चौकट होती ना, शिसवी? चौकट सामानात मोडते म्हणून लेकीने नेली. आणि फोटो? तो उरलंसुरलं. खिडकीत पडला होता, धाकट्याने उचलायचा म्हणून. तिथे मात्र मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

मी तोंडाचा पट्टा सोडला. थोरला शांत. गिऱ्हाइकाला समजवावं तसं मला समजावतो, "बाबा, तुम्हीच लिहिलंय, माझ्या माघारी. तुम्ही घरात होतात का? नव्हतात. मग?"

"अरे गाढवा, माघारी म्हणजे मेल्यावर!"

"मग तसं लिहायचं होतं."

बोला! जन्मभर छापखान्यात लेखकांना मी हेच ऐकवत आलो, तसं म्हणायचं होतं तर तसं लिहायचं होतं. शब्द माझाच, आणि वाक्यही माझंच.

वकिलाला फोन केला. तो आधी खोकला येईपर्यंत हसला आणि मग म्हणाला, काका, कायद्याने मालक तुम्हीच, सगळ्यांना घराबाहेर काढा. काढा म्हणे! आणि मला संडासापर्यंत कोण नेणार, तो येणार का काळा कोट घालून? सूनबाई नेते. दातओठ खात नेते, पण नेते. कुणाला दार दाखवायचं तर आधी आपल्याला दारापर्यंत चालता यायला हवं ना?

मग तिघांची बैठक भरली. विषय काय, तर मी. थोरला म्हणाला, माझ्या वाट्यात नुसतं घर लिहिलंय, बाबांसकट असं कुठे लिहिलेलं नाही. लेक म्हणाली, बाबांना सामान कसं म्हणायचं, बरं दिसतं का ते? तेवढं प्रेम आहे हो तिचं. आणि मग दोघांनी एकदम धाकट्याकडे पाहिलं. तो मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "म्हणजे उरलंसुरलं… हे?" शब्द माझाच हो, कानामात्रा न बदलता.

आता धाकट्याच्या घरात जागा नाही. त्याने भंगारवाल्याला बोलावलंय. तो काल येऊन बघून गेला, जुना रेडिओ घेतो म्हणाला, फुटकी बादली घेतो म्हणाला, मला मात्र नको म्हणाला. तर धाकटा त्याला हळूच सांगतो, "गुडघ्यात धातू आहे, नवा आहे." तुम्हाला सांगतो, जिना उतरलेला माणूस परत वर आला!

आज येतोय तो. बेल वाजली वाटतं… जरा हात द्या मला, उठू दे. आणि त्याला माझा एवढा निरोप सांगा, काय न्यायचं असेल ते ने बाबा, पण माझ्या देखत ने. या वेळी शब्द नीट तपासून घेतलाय.