सांडशीने आवळलेल्या नटाबाबत

मी, गणपतराव केरबा चौगले, वय ६४ वर्षे, व्यवसाय निवृत्त आयटीआय शिक्षक (मोटार मेकॅनिक), राहणार शाहूपुरी, कोल्हापूर. आज दि. ४/१०/२०२५ रोजी सकाळी ११ वाजता पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून, विचारलेले व न विचारलेलेही सांगतो ते असे की,

वरील पत्त्यावर मी पत्नी अनुजा व मुलगा पृथ्वीराज यांच्यासह राहतो. माझ्याकडे सन १९६२ ची पेट्रोल जीप आहे. मी एकतीस वर्षे मुलांना गाडीचे स्टिअरिंग शिकवले, ते बहुतेक फळ्यावर. जीपचे काम मी अल्ताफ गैबी नदाफ, वय ४७, यांच्या गॅरेजमध्ये करून घेतो. ते १९९६ च्या तुकडीतले माझे विद्यार्थी आहेत.

जीपचा जुना स्टिअरिंग बॉक्स झिजला होता. स्टिअरिंग पाव फेरी फिरवल्यावर गाडीला खबर लागायची. म्हणून सप्टेंबरमध्ये अल्ताफ यांनी हाताला हलका असा नवीन बॉक्स बसवला. बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडाही नवीन केला. हा दांडा आट्यांवर फिरवून लांब-आखूड करता येतो आणि तो हलू नये म्हणून त्यावर एक मोठा नट आवळलेला असतो.

नंतर गाडी डावीकडे ओढू लागली. अल्ताफ यांनी सुतळी लावून पुढची चाके सरळ आहेत का ते तपासले, तर डाव्या टायरात हवा कमी निघाली. हवा मी भरली होती. पुढच्या आठवड्यात वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येईना. बॉक्सवरचा स्क्रू जास्त आवळलेला निघाला. तोही मीच घरी आवळला होता. कोणी आवळला, हे अल्ताफ यांनी विचारले नाही.

शेवटी एकच दोष राहिला. गाडी सरळ चालताना स्टिअरिंग दोन बोटे वाकडे दिसायचे. अल्ताफ म्हणाले, "सर, बॉक्स मधोमध हाय. वरचं स्टिअरिंग काढून सरळ बसवलं की झालं. खालच्या दांड्याला हात लावू नगा. दसरा झाला की करतो." परंतु दसऱ्याच्या सकाळी आमच्या जुन्या गाडीवाल्यांची फेरी असते व यंदा माझी जीप पहिली होती. स्टिअरिंगच्या मास्तरचेच स्टिअरिंग वाकडे, असे कोणी म्हणू नये एवढ्यासाठी मी पुढील उद्योग केला.

दि. ३० सप्टेंबर रोजी सायंकाळी ५ वाजता मी खालच्या दांड्यालाच हात लावला. अल्ताफ यांनी आवळलेला नट सोडवताना मला दोन्ही पायांनी जीपला रेटा द्यावा लागला. दांडा फिरवून लांब केला, स्टिअरिंग सरळ दिसू लागले. आत तीनच आटे धरून राहिले होते. असे करू नये, हे मी एकतीस वर्षे शिकवले आहे. तेवढ्यात घरी पाहुणे आले म्हणून नट आवळणे सकाळवर टाकले.

सकाळी खंडेनवमी होती. मी उठेपर्यंत पत्नीने माझे सर्व पाने धुऊन पाटावर मांडले होते, हळदकुंकू, झेंडू वाहून. मी फक्त मोठा पाना मागितला. ती म्हणाली, "पूजंतली हत्यारं दसरा झाल्याबिगर उचलायची न्हाईत. तुम्हीच हा नेम लावलाय की घरात." ते खरे आहे. मग अल्ताफ यांना फोन करून पाना मागितला. ते म्हणाले, "सर, माझीबी हत्यारं मांडल्यात. वडलांपास्नं रीत हाय, आज पान्याला हात न्हाय. काय ढिलं झालंय काय?" मी म्हणालो, "न्हाय रं, सहज." ते म्हणाले, "मग गाडी काढू नगा. परवा सकाळी मीच येतो."

दि. २ ऑक्टोबर रोजी सकाळी ८ वाजता मी तो नट स्वयंपाकघरातल्या सांडशीने आवळला. सांडशी वाकली. मी त्याचा अर्थ नट घट्ट बसला असा लावला व जीप फेरीसाठी काढली. सकाळी ९:५० वाजता बाजाराच्या वळणावर दांडा निसटला. स्टिअरिंग माझ्या हातात नुसतेच फिरू लागले. जीप फुलांच्या दुकानात शिरली. दुकानाच्या मालक बनाबाई यांचे उजवे मनगट मोडले. त्या पडल्या जागेवरून ओरडत होत्या, "अवो पावणं, वळवा की!" मी वळवतच होतो. मी रोज त्यांना भेटायला दवाखान्यात जातो. त्या मला चहा घ्यायला सांगतात, तेव्हा मला फार लाज वाटते.

त्याच दिवशी मुलगा पृथ्वीराज याने गॅरेजवाल्याने नट ढिला ठेवल्याची तक्रार येथे दिली. तो तक्रार सांगत असताना मी शेजारच्या खुर्चीवर बसून होतो. मी काही बोललो नाही. काल दोन गिऱ्हाइकांनी अल्ताफ यांच्या गॅरेजमधून आपल्या गाड्या काढून नेल्याचे कळले, तरीही रात्रीपर्यंत गप्पच राहिलो. हे आत्ता लिहून घेताना ठाणे अंमलदार म्हणाले, "सर, हे लिवायची गरज न्हाय." मी लिहा म्हणालो.

आज येथे आल्यावर कळले की अल्ताफ यांनी कालच जबाब दिला आहे. नट माझ्याच हातून ढिला राहिला, सरांचा संबंध नाही, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. वास्तविक अपघातानंतर जीप त्यांनीच ओढून नेली व नटावरचे सांडशीचे ओरखडे त्यांनी पाहिले आहेत. ते बाहेर बाकावर बसले होते. असे का केले, म्हणून मी विचारले. ते म्हणाले, "सर, मला लोक चार दिस बोलतील. तुमास्नी जल्मभर हसतील."

अल्ताफ गैबी नदाफ यांचा तो जबाब खोटा आहे. त्यांनी नट ढिला ठेवलेला नव्हता. या जबाबामुळे गुन्हा माझ्यावर येईल, हे मला समजावून सांगितले व ते मला समजले.

माझ्या विनंतीवरून अल्ताफ यांना आत बोलावून हा जबाब त्यांच्यासमोर मोठ्याने वाचण्यात आला. सांडशीपाशी हवालदारांना हसू आले. अल्ताफ हसले नाहीत. मी सांगितले तसेच लिहिले आहे व ते खरे आहे.