उजवी रांग

...गजाला हात नका लावू भाऊ, बोट चावेल ती. अकरा नंबर. लाडावलीय. तुम्हाला हीच दाखव म्हणून डॉक्टरांचा निरोप होता – बरोबर आहे, बायकोला नवं औषध द्यायचं म्हणजे माणूस आधी ते घेऊन जगलेलं डुक्कर बघणारच. मीही बघितलं असतं. डुकरंच का म्हणता? अहो, स्वादुपिंड जवळजवळ माणसासारखं असतं त्यांचं. ते आधी सुजवायचं, मग त्यात जंतू सोडायचे, पू होऊ द्यायचा – वहिनींना झालंय तेच. अंगावर काटा आला ना? मला बारा वर्षं येतोय, तरी डबा इथेच खातो.

ही मधली वाट, दोन्हीकडे सहा-सहा. उजवी रांग माझी, डावी माझ्या जोडीदाराची. त्याने इकडे पाऊल टाकायचं नाही, मी तिकडे. एका रांगेला नवं औषध, दुसरीला नुसतं सलाईन – पण कुणाला काय, ते आम्हाला सांगत नाहीत. माया लागली की माणूस घोळ घालतो म्हणे. शहाणी माणसं. तर डावीकडची पाच गेली. माझी सगळी जगली. सगळीच्या सगळी. डॉक्टरांनी केक आणला होता.

त्रास? नाही कसा होणार? ताप चढला की ही दात खात बसायची, करकर, करकर – बघवेना. मग मी आपलं – काही विशेष नाही हो, कपाटात जंतू मारायच्या साध्या गोळ्या असतात, जुन्याच, जनावरांच्या – केळ्यात घालून दिली हिला एक. मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? रोज दिल्या सगळ्यांना. मला वाटलं, आपली सलाईनवाली, तशीही मरायचीच आहेत. कुठल्या रांगेला काय ते लिहिलेलं डॉक्टरांचं बंद पाकीट शेवटी फोडल्यावर कळलं, औषधाची रांग माझीच.

सांगणार होतो. खरंच सांगणार होतो, पण केक कापत होते हो सगळे. आणि नवं औषध चांगलं असेलही – त्याने जगली की गोळ्यांनी, कोण सांगणार? असं बघू नका माझ्याकडे. मला लाज वाटत नाही असं समजू नका. संमतीच्या कागदावर वहिनींची सही व्हायच्या आत मी स्वतः जाऊन – अजून व्हायचीय ना सही?

सकाळीच?

आणि नेहमीची अँटिबायोटिक बंद केली?

मग इथे काय उभे राहिलात? जा, पळा, सांगा डॉक्टरांना – मी केलं म्हणून सांगा. आणि दार हळू ओढा. दचकतात ती.