मशीनमध्ये काही दोष नाही

...आणि वर मलाच विचारतात, दार कोणी लावलं म्हणून! अहो, दार लावायचंच असतं ना? लहानपणापासून जो येतो तो सांगत आला, दार लाव, दार लाव, आणि आता साठी उलटल्यावर आमची ही कमरेवर हात ठेवून, "अहो, कितीदा सांगू, धुणं झालं की मशीनचं दार उघडं ठेवा, त्याचा जीव गुदमरतो!" जीव! मशीनचा! दाराच्या रबराची घडी बोटानं उलगडायची, आतलं पाणी फडक्यानं टिपायचं, नाहीतर कुबट वास येतो, मग खालची जाळी उघडून त्यातलं केस नि दोऱ्यांचं लचांड काढायचं... तुम्हाला सांगतो, लेक तान्ही होती तेव्हा तिचंसुद्धा इतकं केलं नव्हतं आम्ही!

लेकीनंच घेऊन दिलंय ते. भारीतलं, समोरून दार असलेलं. म्हणजे नावं ठेवायची सोय नाही. आणि ठेवणार तरी काय? मशीनमध्ये काही दोष नाही!

फक्त नाचतं. कपडे पिळायला लागलं की अंगात आल्यासारखं करतं. आधी बाल्कनीत होतं. पहिल्याच दिवशी घुर्र घुर्र करत निघालं ते थेट बाल्कनीच्या दाराला येऊन टेकलं. ही बाल्कनीत, मी घरात, मध्ये मशीन! मी ओरडतोय, "अगं, बंद कर!" ही काचेपलीकडून, "मध्येच बंद केलं तर बिघडेल, लेकीनं बजावलंय!" मग काय, पिळणं संपेपर्यंत दोघं काचेतून एकमेकांकडे बघत उभे. लग्न झाल्यापासून इतका वेळ आम्ही एकमेकांकडे कधी बघितलं नव्हतं. फार काही साधलं नाही त्यातून.

मग मेकॅनिक आला. हा असा ऐटीत, जणू मोठा सर्जन! बॅगेतून ती बुडबुड्याची पट्टी काढली, लेव्हल बघायची. मशीनवर ठेवली, फरशीवर ठेवली, मग माझ्याकडे असं बघितलं... मला वाटलं, आता माझ्या टाळक्यावर ठेवतोय! आणि म्हणतो, "काका, मशीनमध्ये काही दोष नाही. तुमचं घर उतरतं आहे." घर! म्हटलं, "मग आता घर दुरुस्त करू?" तर हा गंभीरपणे, "ते आमच्याकडे येत नाही."

निघाला पट्टी घेऊन घरभर. स्वयंपाकघरात बुडबुडा डावीकडे, पलंगाशेजारी उजवीकडे, ही मागून आशेनं, "इथे बघा, इथे बघा!" आणि बरोब्बर मधोमध थांबला कुठे माहितीये मेला बुडबुडा? पुढच्या खोलीत, खिडकीशी. माझ्या खुर्चीखाली!

आता हसू नका हो. ती खुर्ची म्हणजे... घरात माझं म्हणून तेवढंच होतं. कपाट हिचं, पलंगाची भिंतीकडची बाजू हिची, टीव्हीचा रिमोट तर विचारूच नका. पण सकाळी चहा घेऊन त्या खुर्चीत बसलं की खालचा रस्ता दिसतो, समोरचा शिंपी दुकान उघडताना दिसतो. तिथूनच तर शाळेतून येणारी लेक दिसायची, दप्तर फरफटत आणणारी. आता ती लांब असते. तरी त्या वेळेला बघतो मी अजून. सवय आहे. मी चाचरत म्हटलं, "पण पाण्याचं काय?" वाटलं, सुटलो! तर मेकॅनिक, "नळी लांब घेऊ की काका!"

मशीन आलं खिडकीशी, खुर्ची गेली बाल्कनीत. उतारावर. बसलं की आपोआप पुढे सरकतो माणूस.

बरं, तिथे तरी मशीन गप्प बसावं? नाव नको! पुन्हा घुर्र, पुन्हा मेकॅनिक, फरशीवर टकटक. "जागा सपाट आहे काका, पण खालून फरशी पोकळ आहे. मशीनमध्ये काही दोष नाही. वरून वजन हवं." पाट्याचा दगड ठेवून बघितला, तो पायावर पडता पडता राहिला. पुस्तकांची पेटी ठेवली, ती घसरली. मग ही शांतपणे माझ्याकडे बघायला लागली. नखशिखांत. भाजी घेताना बघते ना, तसं.

तर आता... हो, बसतो मी. कपडे पिळायची वेळ झाली की हाक येते, "अहो, चढा!" स्टुलावर पाय देऊन चढतो. चहा नेता येत नाही, चष्मा नाकावर ठरत नाही, समोरच्या एका शिंप्याचे चार दिसतात आणि चौघंही हसतात. पण मशीन? जागचं हलत नाही! ही शेजारणीला कौतुकानं दाखवते, "बघा, आता कसं शहाण्यासारखं उभं राहतं!" मी वर बसलेलोच असतो. शेजारीण मला नमस्कार करते. मी थरथरत करतो.

परवा तसाच बसलो होतो, तर लेकीचा फोन. "बाबा, मशीन कसं आहे?" म्हटलं, "छान." "आई म्हणाली, तुमची खुर्ची हलवली. मग तुमची खिडकीतली जागा?"

"जागा तिथेच आहे गं. थोडा उंचावर बसतो, इतकंच."

मग हळूच म्हणते, "बाबा, आवाज का थरथरतोय तुमचा? रडताय का?"

आता काय सांगू तिला? म्हटलं, "नाही गं बाळा, कपडे पिळतंय. मशीनमध्ये काही दोष नाही."