राक्षसाचं बक्षीस

परदेशातल्या सिनेमांची बक्षिसं गोऱ्या नटांनाच का, यावरून भांडता भांडता तुम्ही चहा गार केलात. अरे, हाच वाद गेल्या वर्षी रहिमतपूरकडच्या आमच्या गावच्या जत्रेत झाला.

जत्रेच्या नाटकात माझा थोरला भाऊ दरवर्षी राक्षस व्हायचा, कारण रंगानं काळा. राजा सरपंचांचा गोरागोमटा पुतण्या. गेल्या वर्षी भर युद्धात राजा वाक्यं विसरला, तर राक्षसानंच त्याच्या कानात ती सांगितली. तरी उत्तम नटाची ढाल राजालाच!

माझं डोकं फिरलं. स्टेजवर चढून मी माईक ओढला. "गोऱ्यालाच बक्षीस द्यायचं तर नाटक कशाला करता? नुसती तोंडं बघा की!"

मंडळाच्या अध्यक्षांनी माईक बंद केला. "बोलायला कुणाची ना न्हाई, पोरा. पण माईक मंडळाचा हाय."

तेवढ्यात मागून दादा राक्षसाच्या आवाजात गरजला, "आवं अध्यक्ष, ह्यो आवाज तर मंडळाचा न्हाई न्हवं?"

पार पाळण्यांपर्यंत ऐकू गेलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. अध्यक्ष वरमले. "बरं गड्या, फुडल्या वर्सी तुला राजा करतो."

"राजा नको. राक्षसाला बक्षीस द्या."

मागच्या महिन्यात दादा वारला. परवा अध्यक्ष घरी आले आणि म्हणाले, "यंदा राक्षसालाबी ढाल हाय. काम कोण करतंय?"

मी लगेच हो म्हणालो. रंग घरचाच आहे, आवाज तेवढा कमवायचाय.